याद्या वाचायच्या कशा: इस्राएलाचे वंश, विसरलेले सरदार आणि जमिनीचं वतन

पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून वाचायला घेतलेली माणसं बहुतेक 'गणना' या पुस्तकात गळतात. निर्गमातला समुद्र ओलांडून झालेला असतो, सीनाय पर्वत मागे पडलेला असतो आणि समोर येतात नुसती नावं. अमक्याचा मुलगा तमका, त्याच्या कुळातले इतके हजार. पुढे यहोशवाच्या पुस्तकात तेराव्या अध्यायापासून तर गावांची नावंच नावं. मीही पहिल्यांदा हे सगळं बोटानं पान सरकवत ओलांडलं होतं.

मग कधीतरी लक्षात आलं की मी हे गोष्टीसारखं वाचत होतो आणि हा मजकूर गोष्टीचा नव्हेच. हा तलाठ्याच्या दप्तरातला कागद आहे. सातबारा कोणी रंजक म्हणून वाचत नाही, पण वाटणीचं भांडण लागलं की त्यातल्या एकेका नोंदीवर घरदार जागं राहतं. इब्री शास्त्रातल्या जमीनवाटपाच्या याद्या तशाच वाचायच्या. यादी सरळ चालली असेल तर चालू द्यावी. ती जिथे अडखळते, म्हणजे बापाच्या जागी आईचं नाव येतं, बेरीज चुकते किंवा एकच गाव दोन वंशांच्या नावावर दिसतं, तिथे थांबावं. तिथे बहुधा कुणीतरी हरकत घेतलेली असते.

हा लेख अगदी नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. हिब्रू येण्याची गरज नाही.

पायरी १: समोर काय ठेवायचं आणि कुठून सुरू करायचं

एक मराठी पवित्र शास्त्र, एक कोरी वही, पेन्सिल आणि शास्त्राच्या शेवटी बहुतेक आवृत्त्यांत असतो तो बारा वंशांचा नकाशा. नकाशा मोबाईलवर असला तरी चालेल, पण तो उघडा ठेवा. त्याच्याशिवाय यहोशवा १५ ते १९ वाचणं म्हणजे गट नंबर माहीत नसताना शेत शोधणं.

नावांची लिहिण्याची पद्धत वेगवेगळ्या मराठी भाषांतरांत थोडी बदलते. त्यात अडकू नका. अध्याय आणि वचनाचा आकडा वहीत लिहून ठेवला की पुरे.

क्रम असा ठेवा: आधी गणना २६ आणि २७, मग ३२, ३४ आणि ३६. त्यानंतर यहोशवा १३ ते २१. ते झालं की शास्ते पहिला अध्याय. १ इतिहासाचे पहिले नऊ अध्याय मात्र सलग वाचू नका, ते संदर्भासाठी ठेवा. नाव अडलं की तिकडे जायचं.

पायरी २: पाच शब्द

मराठी शास्त्रात ज्याला 'वतन' म्हटलंय तो हिब्रूतला 'नहला'. वंशाला, त्यातून कुळाला आणि त्यातून घराला मिळालेला जमिनीचा वाटा, जो बापाकडून मुलाकडे जातो. भाषांतरकारांनी वतन हा शब्द निवडला तो कानाला बरोबर लागतो, कारण पिढीजात हक्क आणि त्याला चिकटलेलं घराण्याचं नाव हे दोन्ही त्यात आहे. पण एका बाबतीत तो चकवतो. आपल्याकडचं वतन चाकरीला बांधलेलं होतं. पाटीलकी, कुलकर्ण, महारकी करायची, त्याबद्दल जमीन खायची. इस्राएलात नेमकं उलटं आहे. ज्या वंशाकडे चाकरी आहे, म्हणजे लेवी, त्यालाच जमीन नाही. परमेश्वर हेच त्याचं वतन, असं सांगून त्याला इतरांच्या वाट्यातली अठ्ठेचाळीस गावं आणि भोवतालची गायरानं राहायला दिली आहेत (गणना ३५, यहोशवा २१). हा फरक मनात पक्का करा, नाहीतर पुढे गोंधळ उडेल.

वंशासाठी हिब्रूत दोन शब्द आहेत, 'मत्ते' आणि 'शेवेत'. दोन्हींचा मूळ अर्थ काठी. वंशाचा प्रमुख हातात काठी धरतो, आणि काठीच वंशाचं नाव होते. वंशाच्या खाली कूळ, 'मिश्पाहा'. कुळाच्या खाली बापाचं घर, 'बेत-आव'. जमिनीचे वाद बहुतेक या मधल्या पायरीवर, कुळात, होतात. म्हणून वहीत तीन रकाने पाडा: वंश, कूळ, घर.

वंशप्रमुखाला 'नासी' म्हणतात. मराठीत सरदार.

'गोराल' म्हणजे चिठ्ठी, किंवा चिठ्ठीनं निघालेला वाटा. कोणाला कुठली बाजू हे चिठ्ठीनं ठरायचं; किती मोठी हे माणसांच्या संख्येवर. गणना २६:५२-५६ मध्ये हे दोन्ही नियम एकापाठोपाठ आलेत आणि वाचणारा विचारतो की मग नक्की कुठला खरा? दोन्ही. जागा नशिबाची, आकार हिशेबाचा.

पाचवा 'हेवेल', म्हणजे मोजणीची दोरी. सोळाव्या स्तोत्रात दोऱ्या रम्य ठिकाणी पडल्या असं कवी म्हणतो, तेव्हा तो मोजणीदाराच्या भाषेत बोलत असतो.

पायरी ३: तीन याद्या शेजारी ठेवा

गणना या एकाच पुस्तकात वंशप्रमुखांच्या तीन याद्या आहेत आणि नवा वाचक त्या एकच समजतो. पहिल्या अध्यायात शिरगणती करणारे बारा सरदार. तेराव्यात कनान देश हेरायला गेलेले बारा जण. चौतिसाव्यात जमीन वाटून द्यायला नेमलेले दहा. वहीचं पान आडवं धरून तिन्ही शेजारी लिहा.

पहिल्या यादीतली माणसं सातव्या अध्यायात पुन्हा भेटतात. बारा दिवस, रोज एक सरदार, आणि प्रत्येकाचं अर्पण तंतोतंत सारखं: १३० शेकेलांचं चांदीचं ताट, ७० शेकेलांचा चांदीचा कटोरा, १० शेकेलांचं सोन्याचं धूपपात्र. लेखकानं 'इतरांनीही तेच दिलं' असं लिहून मोकळं व्हायला हरकत नव्हती. त्यानं बाराही वेळा सगळं लिहिलं आणि अध्याय ८९ वचनांचा झाला. पावती ज्याची त्याच्या नावानं फाडायची असते, त्याला कोण काय करणार?

आता चौतिसावा अध्याय. दहा नावं आहेत. यहूदाकडून कालेब बिन यफुन्ने, शिमोनाकडून शमुवेल बिन अम्मीहूद, बन्यामिनाकडून एलीदाद बिन किसलोन, दानाकडून बुक्की बिन यागली, मनश्शेकडून हन्नीएल बिन एफोद, एफ्राईमाकडून कमुवेल बिन शिफटान, जबुलूनाकडून अलीसाफान बिन पर्नाख, इस्साखाराकडून पलटीएल बिन अज्जान, आशेराकडून अहीहूद बिन शलोमी, नफतालीकडून पदाहेल बिन अम्मीहूद. (हे 'बिन', म्हणजे 'चा मुलगा', पाहून जुनी मोडी कागदपत्रं चाळलेल्यांना घरी आल्यासारखं वाटेल.)

कालेब सोडला तर यातले नऊ जण अख्ख्या शास्त्रात पुन्हा कुठेही येत नाहीत. जमीन खरोखर वाटली जाते तेव्हाही यहोशवाच्या पुस्तकात 'वंशांतल्या घराण्यांचे प्रमुख' एवढंच म्हटलंय, नावं नाहीत. यांनी काम केलं आणि ते गेले. मोजणी अधिकाऱ्याचं नाव कोण लक्षात ठेवतं?

पण ही यादी तीन गोष्टी सांगते.

पहिली, तिच्यात दहाच वंश आहेत. रऊबेन आणि गाद गायब आहेत, कारण त्यांनी यार्देनेच्या पूर्वेला गुरांसाठी जमीन आधीच मागून घेतली होती (गणना ३२). मनश्शेचा अर्धा वंशही तिकडेच राहिला. यादीतला हन्नीएल उरलेल्या अर्ध्यासाठी आहे. लेवीला जमीन नाहीच. योसेफाचा एक वंश न धरता त्याच्या दोन मुलांचे दोन धरलेत, एफ्राईम आणि मनश्शे, म्हणून लेवी वजा होऊनही एकूण बाराच भरतात.

दुसरी, नकाशावर बोट ठेवून याच क्रमानं फिरा. यहूदा आणि शिमोन तळाशी दक्षिणेला, मग बन्यामीन, त्याच्या पश्चिमेला दान, मध्ये योसेफाचे दोन वंश, मग जबुलून, इस्साखार आणि अगदी उत्तरेला आशेर, नफताली. पहिल्या अध्यायातली यादी रऊबेनापासून, म्हणजे थोरल्यापासून सुरू होते. ही जमिनीच्या क्रमानं चालते. अजून यार्देन ओलांडलेली नाही, चिठ्ठी पडलेली नाही, आणि यादी मात्र नकाशा पाहून लिहिल्यासारखी. याद्यांना आजचं रूप वंश आपापल्या जागी बसल्यानंतर मिळालं, असं अनेक अभ्यासक म्हणतात ते अशा खुणांवरून. श्रद्धेनं वाचणाऱ्याला यात वेगळं काही दिसेल. खूण मात्र दोघांसाठी तीच.

तिसरी, कालेब आणि यहोशवा (याचं नाव दहांच्या आधी, सतराव्या वचनात येतं) सोडून पहिल्या दोन याद्यांतलं कुणीच इथे नाही. ती पिढी रानात संपली, हे गणना २६:६४-६५ मध्ये सांगितलंय. तिन्ही याद्या शेजारी असल्या की ते वाक्य सिद्ध करून दाखवता येतं.

एक सावधगिरी. अम्मीहूद हे बापाचं नाव शिमोनातही आहे, नफतालीतही आहे, आणि पहिल्या यादीत एफ्राईमाच्या अलीशामाचा बापही अम्मीहूदच. तिघे वेगळे. एक नाव म्हणजे एक माणूस असं धरून चाललात तर दुसऱ्याच दिवशी वंशावळ गळ्यात अडकेल. गावांचंही तेच. जबुलूनाच्या यादीत एक बेथलेहेम आहे (यहोशवा १९:१५). दाविदाचं गाव ते नव्हे, ते यहूदात.

पायरी ४: बाहेरून आलेले दोघे

याईरपासून सुरू करा. गणना ३२:४१ मध्ये 'मनश्शेचा पुत्र याईर' गिलादातली खेडी जिंकतो आणि त्यांना हव्वोथ-याईर, म्हणजे याईराची गावं, असं नाव देतो. सरळ नोंद. आता १ इतिहास २:२१-२२ उघडा. तिथे हेस्रोन नावाचा यहूदा वंशातला माणूस साठाव्या वर्षी माखीराच्या मुलीशी लग्न करतो. माखीर हा मनश्शेचा मुलगा. त्यांना सगूब होतो आणि सगूबाला याईर. म्हणजे बापाकडून याईर यहूदाचा. मनश्शेचा तो आजीकडून. तरीही जमीन मिळाली मनश्शेच्या भागात आणि नोंदीत तो मनश्शेचा झाला. वंश बापाकडून चालतो हा नियम ज्या पुस्तकात ठासून सांगितलाय, त्याच पुस्तकात ही नोंद आहे, आणि तिच्यावर कुणी एक शब्द बोलत नाही.

कालेबाचं प्रकरण याहून ठसठशीत. तो यहूदाचा सरदार आहे, पण गणना ३२:१२ आणि यहोशवा १४ मध्ये त्याला 'कनिज्जी' म्हटलंय. उत्पत्ती १५:१९ मध्ये कनिज्जी कोण आहेत ते पाहा: ज्यांची जमीन अब्राहामाच्या संततीला द्यायचं वचन आहे, त्या देशातल्या लोकांच्या यादीत ते आहेत. मूळचा परका असलेला हा माणूस यहूदाच्या सर्वात मोठ्या वाट्यातलं सर्वात मानाचं गाव, हेब्रोन, मागतो. तेही पंच्याऐंशीव्या वर्षी. चाळिसाव्या वर्षी मी देश हेरायला गेलो, पंचेचाळीस वर्षं झाली, अंगात जोर तोच आहे, डोंगर मला द्या.

मिळालं हेब्रोन. पण पूर्ण नाही. यहोशवा २१:११-१२ वाचा: शहर आणि भोवतालचं गायरान लेव्यांमधल्या याजकांना गेलं, शेतं आणि वाड्या कालेबाकडे राहिल्या. शिवाय ते आश्रयाचं नगरही ठरलं, म्हणजे चुकून कुणाचा जीव घेतलेल्यानं पळून जाऊन राहायची जागा. एका गावावर तीन हक्क. गावठाण एकाचं आणि शिवार दुसऱ्याचं ही कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

कालेबाची मुलगी अखसा. तिचं लग्न अथनिएलाशी झालं, बापानं दक्षिणेकडची कोरडी जमीन दिली. ती गाढवावरून उतरते. बाप विचारतो, काय पाहिजे तुला? ती म्हणते, कोरडवाहू दिलीत, आता पाण्याचे झरेही द्या. त्यानं वरचे झरे दिले आणि खालचेही (यहोशवा १५:१६-१९, आणि जवळजवळ शब्दशः शास्ते १:१२-१५). चार वचनांचा प्रसंग आहे, पण गावांच्या यादीच्या ऐन मध्यावर घुसवलाय. झरे कोणाचे, याची नोंद कुणाला तरी हवी असणार.

पायरी ५: सलाफहादाच्या मुली

इथे घाई करू नका. एक अख्खी संध्याकाळ द्या.

गणना २६ च्या शिरगणतीत मनश्शेच्या वंशात हेफेराचं कूळ येतं आणि तिथे यादी अडखळते: हेफेराचा मुलगा सलाफहाद याला मुलगे नव्हते, मुलीच होत्या, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. लढाईला जाऊ शकणारे पुरुष मोजायच्या यादीत पाच मुलींची नावं. पुढच्याच अध्यायात त्या सभामंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहतात.

त्यांचं म्हणणं फार नेटकं आहे. आमचे वडील रानात मेले. मोशेविरुद्ध झालेल्या कोरहाच्या बंडात ते नव्हते, आपल्या पापानं मेले. म्हणजे बंडखोर म्हणून त्यांचा हक्क बुडाला असं म्हणता येणार नाही. इतरांचे बाप मेले तसेच ते मेले. मुलगा नाही म्हणून त्यांचं नाव कुळातून का जावं? काकांच्या बरोबरीनं आम्हाला वाटा द्या. मागणी जमिनीची, कारण बापाच्या नावाचं.

मोशे स्वतः निकाल देत नाही. तो प्रकरण परमेश्वरापुढे नेतो. उत्तर येतं: सलाफहादाच्या मुली बरोबर बोलतात. आणि मग एका घराच्या प्रश्नावरून सर्वांसाठी क्रम ठरतो: मुलगा, मुलगा नसेल तर मुलगी, तीही नसेल तर भाऊ, मग बापाचे भाऊ, मग कुळातला सर्वात जवळचा.

प्रकरण इथे संपत नाही. छत्तिसाव्या अध्यायात गिलादाच्या कुळाचे प्रमुख, म्हणजे या मुलींचेच भाऊबंद, अपील घेऊन येतात. या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्नं केली तर जमीन त्या वंशात जाईल आणि योबेल वर्ष (दर पन्नासावं, विकलेली जमीन मूळ घरी परतण्याचं) आलं तरी परत येणार नाही. यावर उत्तर: योसेफाच्या पुत्रांचा वंश बरोबर बोलतो. हिब्रूत दोन्ही निकालांत तोच शब्द आहे, 'केन'. दोन्ही बाजू बरोबर. मार्ग असा निघाला की मुलींनी हव्या त्याच्याशी लग्न करावं, पण बापाच्या वंशात. त्यांनी चुलतभावांशी केलं.

आधुनिक वाचकाला इथे चुटपुट लागते. दिलेलं अर्धं काढून घेतलं असं वाटतं, आणि मला ते वाटणं चुकीचं वाटत नाही. पण आपला वारसा कायदा मनात ठेवून हा अध्याय वाचला तर प्रश्नच चुकतो. त्या काळाचा प्रश्न 'मुलीला हक्क आहे का' असा नव्हता. 'जमीन कुठल्या कुळाच्या नावावर राहील' असा होता. मुलींनी तोच प्रश्न स्वतःच्या बाजूनं वापरला, आणि काकांनी तोच त्यांच्याविरुद्ध. पुढे ताल्मुद या ज्यू धर्मग्रंथातल्या विद्वानांनी लग्नाची ही अट त्या एका पिढीपुरतीच होती असं ठरवलं, आणि वंशावंशांतली लग्नं मोकळी झाली तो दिवस ज्यू पंचांगातल्या अव महिन्याची पंधरा तारीख म्हणून आनंदाचा मानला.

आता हिशेब. यहोशवा १७ मध्ये या मुली पुन्हा येतात, यहोशवाला आठवण करून देतात आणि वाटा घेतात. मग वाक्य येतं: मनश्शेला दहा वाटे मिळाले. कसे? मनश्शेच्या पश्चिमेकडच्या वंशजांची कुळं सहा: अबियेजेर, हेलेक, अस्रिएल, शखेम, हेफेर, शमीदा. हेफेराचा मुलगा सलाफहाद, त्याच्या जागी पाच मुली. सहातून हेफेर वजा, उरले पाच, त्यात पाच मुली. दहा. वहीत स्वतः करून पाहा.

आणि यापुढची गोष्ट मला सर्वात आवडते. १९१० मध्ये सामरियात, आजच्या नाब्लुसजवळच्या सेबास्तियात, हार्वर्डच्या उत्खननात शाईनं लिहिलेली खापरं सापडली. इसवी सनपूर्व आठव्या शतकातली, दारू आणि तेलाच्या आवकीच्या नोंदींची. माल कुठल्या भागातून आला ते त्यांवर लिहिलंय. त्यात अबियेजेर, हेलेक, अस्रिएल, शखेम आणि शमीदा ही नावं येतात. आणि नोआ व होग्लाही. दहातली सात. या दोन बहिणी अमुक साली होऊन गेल्या असा पुरावा हा नव्हे. पण राज्यकारभाराच्या कोरड्या नोंदीत नोआ आणि होग्ला नावाचे जमिनीचे भाग होते, एवढं खापरावर लिहिलेलं आहे. तिरसा तर शहर झालं आणि काही काळ उत्तरेच्या राज्याची राजधानीही.

माणसाचं नाव जमिनीला लागतं ते असं. कोकणात आलेल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या बाबतीत उलटं झालं, जमिनीचं नाव माणसाला लागलं: रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर.

पायरी ६: शिलोतली मोजणी आणि चुकलेल्या बेरजा

यहोशवा १८ पर्यंत सात वंश जमिनीशिवाय आहेत. यहोशवा रागावतो, किती दिवस ढिलाई करणार? प्रत्येक वंशातून तीन माणसं निघतात, देशभर फिरतात, गावागावानं सात भागांत लिहून पुस्तक आणतात आणि शिलोत परमेश्वरापुढे चिठ्ठ्या पडतात. आधी पाहणी, मग लेखी नोंद, मग चिठ्ठी. हा क्रम ध्यानात ठेवा.

याआधी योसेफाचे वंशज तक्रार करतात की आम्ही इतके आणि वाटा एकच (यहोशवा १७:१४). गणना २६ मधले आकडे काढा: मनश्शे ५२,७००, एफ्राईम ३२,५००. मिळून ८५,२००, एकटा यहूदा ७६,५००. तक्रारीत दम आहे. यहोशवा स्वतः एफ्राईमाचा. तरी भाऊबंदांना म्हणतो, इतके आहात तर डोंगरावरचं रान तोडा.

शिमोनाचं उलट. पहिल्या शिरगणतीत ५९,३००, दुसऱ्यात २२,२००. त्याला स्वतंत्र वाटा मिळतच नाही. यहूदाचा भाग यहूदाला जास्त होता म्हणून त्यातूनच दिला (१९:९). त्यामुळे बैर-शेबा, हर्मा, सिकलाग ही गावं यहूदाच्या यादीतही आहेत आणि शिमोनाच्याही. छपाईची चूक समजू नका.

बेरजा तपासण्याची सवय लावून घ्या. यहोशवा १५:३२ सांगतं, दक्षिणेकडची गावं एकोणतीस. वर मोजा, पस्तिसाच्या पुढे जातात. चार वचनांनंतर चौदा म्हटलंय आणि नावं पंधरा. उलट जबुलूनाला बारा गावं म्हणताना नावं मात्र पाचच. अभ्यासकांनी यावर बरंच लिहिलंय, पण सुरुवातीला एवढं धरा की यादीत मागाहून भर पडलीय, बेरीज जुनी राहिलीय, किंवा मधला काही भाग गळालाय.

मग शास्ते १ उघडा. यहोशवात दिलेल्या किती गावांतून आधीचे रहिवासी हटलेच नाहीत, त्याची ती यादी. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष ताबा यांतलं अंतर यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार नाही.

पायरी ७: जमीन मिळाल्यानंतर

हे थोडक्यात, कारण इथून पुढे वाचणं सोपं आहे. लेवीय २५ मध्ये नियम: जमीन कायमची विकायची नाही, ती परमेश्वराची आहे. अडचणीत विकली तर जवळच्या नातलगानं सोडवून घ्यावी, नाहीतर पन्नासाव्या वर्षी, योबेलात, ती मूळ घरी परत. तटबंदीच्या शहरातलं घर मात्र वर्षभरात सोडवलं नाही तर गेलं. विक्री कसली, पिकांच्या वर्षांची भाडेपट्टीच ती.

हे नियम हाताशी ठेवून तीन प्रसंग वाचा. रूथ ४: वेशीवर जवळचा नातलग हक्क सोडताना जोडा काढून देतो. १ राजे २१: इज्रेलचा नाबोथ राजाला द्राक्षमळा विकायला नकार देतो, कारण ते वाडवडिलांचं वतन आहे, आणि जिवानिशी जातो. यिर्मया ३२: यरुशलेमेला वेढा पडलाय, देश हातचा चाललाय, आणि यिर्मया चुलतभावाकडून अनाथोथचं शेत सतरा शेकेल चांदीला विकत घेतो. साक्षीदार, तागडीत तोललेली चांदी, एक मोहोरबंद खरेदीखत आणि एक उघडी प्रत, दोन्ही मडक्यात. खरेदीचा इतका सविस्तर तपशील शास्त्रात दुसरीकडे नाही.

सरावासाठी एक नोंद

वही तयार असेल तर हे एकट्यानं सोडवा. १ इतिहास २, वचन ३१ ते ४१. तिथे यहूदा वंशातला शेशान आहे. एकतिसाव्या वचनात त्याच्या पुत्रांत अहलय हे नाव दिलंय. तीन वचनांनंतर म्हटलंय की शेशानाला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. त्याच्याकडे यरहा नावाचा मिसरी चाकर होता. शेशानानं मुलगी त्याला दिली. पुढची तेरा नावं, अत्तयपासून अलीशामापर्यंत, यहूदाच्या वंशावळीत बिनदिक्कत लिहिलीत. अहलय मुलगा की मुलगी? तेरा पिढ्यांत यरहाचं मिसरीपण कुठे गेलं? आणि याईरच्या नोंदीशेजारी ही नोंद ठेवली तर काय दिसतं? तीन रकान्यांपैकी कुठला रिकामा राहतो ते आधी पाहा.